न पाडलेल्या नाण्याच्या शोधात

पनवेलला कुणी प्रवासाला जातं का, असं अकोल्याहून निघताना मला तिघांनी विचारलं. पनवेलला लोक गाडी बदलतात, गोव्याला जाताना चहा पितात, फार तर घर बुक करतात. प्रवास करायचा तर त्याच्या पुढे जावं! मी मात्र चार दिवसांत पनवेलच्या पुढे फार तर रिक्षाने जाता येईल इतकंच गेले, आणि परत आल्यापासून शाळेच्या शिक्षक-खोलीत दुसरा विषय काढलेला नाही. सगळे कंटाळायच्या आत लिहूनच काढते.

मी चित्रकला शिकवते. छंद नाण्यांचा, त्यातही स्मारक नाण्यांचा. म्हणजे एखाद्या प्रसंगाच्या, माणसाच्या किंवा विषयाच्या निमित्ताने काढलेली खास नाणी. कुठलं नाणं किती दुर्मीळ, यात मला रस नाही. मला चित्र हवं असतं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत कुणी काय बसवलं, ते का बसवलं, आणि बसवताना तो किती मेटाकुटीला आला असेल, हे भिंगातून बघत मी तासन्‌तास बसू शकते. पनवेलच्या एका नाणेप्रेमी मंडळाने त्यांच्या प्रदर्शनात या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा प्रवासखर्चाचं विचारायच्या आधीच मी हो म्हणून मोकळी झाले.

शनिवार : कळंबोली, मग पनवेल

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तोच एक रिक्षावाला माझ्या तोंडापाशी येऊन ओरडला, "कोन? कोन?"

मला जरा राग आला, पण परक्या गावात नम्र असावं म्हणून म्हटलं, "मी शैलजा. अकोल्याहून आलेय."

त्याने रस्त्याकडे बोट केलं. "ताई, कोन गावाचं नाव हाय. एक्सप्रेस वेच्या बाजूला. जायचं काय?"

माझी मावसबहीण वंदना कळंबोलीला राहते. तिला हा किस्सा सांगितला तर ती इतकी हसली की तिचा चहा उतू गेला. "शैले, तू ना, अनबिलिव्हेबल आहेस," ती म्हणाली. "आणि नाण्यांवर लेक्चर? लोक येतात ऐकायला?" तिच्या गॅलरीतून लोखंडाच्या बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकची रांग दिसते. पत्रे उतरवल्याचा खणखणाट सकाळपासून कानात. आमच्याकडे इतका आवाज फक्त लग्नाच्या बँडचा. मला मात्र तो आवाज आवडला. आपल्या खिशातली आजची नाणीही पोलादाचीच, म्हणजे मी योग्य गावात उतरले होते.

दुपारी वंदना गाडीने सभागृहाकडे घेऊन निघाली. गोवा महामार्गाच्या बाजूला धुरकट आभाळात एक सुळका उभा दिसला. कर्नाळ्याचा किल्ला. थेट वर केलेला अंगठा!

"अगं थांब, थांब! हे तर एक रुपयाचं नाणं!" मी ओरडले.

वंदनाने दचकून ब्रेक मारला आणि मागच्या टेम्पोवाल्याने आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण माझं खरंच होतं. काही वर्षांपूर्वी एक रुपयावर वर केलेला अंगठा होता आणि दोन रुपयांवर दोन उघडी बोटं. नाचातल्या हस्तमुद्रांवरून घेतलेली ती चित्रं. पण ज्याला अक्षर-आकडा येत नाही, त्यालाही अंगठा म्हणजे एक आणि दोन बोटं म्हणजे दोन हे कुणी सांगावं लागत नाही. वंदना म्हणाली, "अशी नाणी माझ्या हातातून हजारदा गेली असतील. मी कधी बघितलंच नाही." मला ठाऊक होतं की आजचं भाषण रंगणार.

सभागृहात पन्नासेक माणसं होती. मी वाघापासून सुरुवात केली. देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या सुवर्णमहोत्सवाच्या नाण्यावर ताडाचं झाड आणि वाघ आहे. ही बँकेची मुद्रा. मूळ कल्पना कंपनी सरकारच्या जुन्या सोन्याच्या मोहरेवरची, आणि तिथे होता सिंह. आपल्याकडे वाघ जास्त शोभेल म्हणून सिंहाला हाकललं. वाघ काढायचा कशावरून, तर कोलकात्यातल्या एका बंगल्याच्या फाटकावरच्या पुतळ्यावरून. पण पहिला नमुना पाहून एक बडा साहेब कुरकुरला, की हा वाघ कुत्र्यासारखा दिसतोय, लोक हसतील! मग पुन्हा वाघ, पुन्हा झाड. सभागृह खदखदलं.

मग दहा पैशांचं हलकंफुलकं नाणं दाखवलं. त्रिकोणात आई, बाप आणि दोन मुलं. तो त्रिकोण म्हणजे कुटुंबनियोजनाचा भिंतीभिंतीवर रंगवलेला लाल त्रिकोणच. फक्त नाण्यावर लाल रंग देता येत नाही, म्हणून नुसत्या आकारावर भागवलं. नंतर सालाखालची चिन्हं: मुंबईच्या टांकसाळीची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याचं काहीच नाही, कारण ती सगळ्यांत जुनी, आणि ज्येष्ठाला सही करावी लागत नाही, असं मी म्हणते. लोक खिसे उलटे करून नाणी काढायला लागले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना तारा सापडला तेव्हा ते लहान मुलासारखे उठून उभे राहिले.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या दारापाशी एक बाई केव्हाची उभी होती. चाळिशीची, अंबाड्यात अबोलीचा गजरा, रिकामी पाटी तिने बाहेर ठेवलेली. ती म्हणाली, "मॅडम, जाळं शिवनाऱ्या माणसाचं नाणं तुमच्याकडं हाय काय?"

"मासेमारीवर पन्नास पैशांचं एक नाणं निघालं होतं," मी म्हटलं. "ते हवंय का?"

"ते नाय. ते बघितलंय. ज्याच्यावर एक माणूस बसून जाळं शिवतोय, ते पायजे. त्यो माणूस माझा सासरा हाय."

सभागृह हसलं. वाईट मनाने नाही, पण हसलं. कुणीतरी म्हणालं, "ताई, नाण्यावर यायला आधी मोठं व्हावं लागतं!" बाईचा चेहरा उतरला नाही, तिला सवय असावी. ती पाटी उचलून चालू लागली. आणि मी, प्रमुख वक्ता, आभारप्रदर्शन सोडून तिच्या मागे जिन्यावरून धावले.

तिचं नाव प्रमिला. पनवेलच्या बाजारात मासळी विकते, घर उरणच्या वाटेवर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. जिन्याखाली उभं राहून तिने सांगितलं ते असं: चाळीसेक वर्षांपूर्वी टांकसाळीतला एक चित्रकार वाड्यात आला, तीन दिवस बसून तिच्या सासऱ्यांचं, हिराजीबाबांचं, चित्र काढलं आणि म्हणाला, "तू नाण्यावर येणार." सगळ्या वाड्याने ऐकलं. चित्रकार गेला तो गेला. नाणं काही आलं नाही. मग लोकांनी बाबांना नाव ठेवलं, 'खोटं नाणं'.

"आदी बाबा पन हसायचे," प्रमिला म्हणाली. "पन गेल्या शिमग्याला कोनतरी माझ्या पोरीला बोललं, खोट्या नाण्याची नात. तवापासून ते जाळ्यांच्या शेडमंदी बसायलाच जात नाय. घरात बसतात भिंतीकडं बगत. मानूस खोटा नाय ओ मॅडम. मी वीस वर्स बगते त्यांना."

खरं सांगते, पहिला विचार माणसाचा नव्हता, नाण्याचा होता. कुणालाच माहीत नसलेलं चित्र! पण दुसरा विचार लगेच आला, आणि मी विचारलं, "उद्या मी घरी येऊ?"

रविवार : खाडीकाठ

वंदनाने चिखलाचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. रिक्षातून उतरून प्रमिलाच्या घरी जाताना मला काठावर ओढलेल्या होड्या बघायच्या होत्या. ओहोटी होती, चिखल नुसता घट्ट रस्त्यासारखा दिसत होता. मी पाऊल टाकलं आणि पोटरीपर्यंत आत. पाय आला, चप्पल नाही. आमच्या काळ्या मातीतला चिखल चिकटतो, हा गिळतो. प्रमिलाने कोपरापर्यंत हात घालून चप्पल शोधून दिली आणि म्हणाली, "बरं झालं गावली मॅडम, नायतर निवट्यांना घर मिळालं असतं." निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारत फिरणारे बोटभर मासे. मासा जमिनीवर चालताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि दोन तासांनी पहिल्यांदा खाल्लाही.

हिराजीबाबा पंचाहत्तरीचे, अंगाने काटक, आवाज खोल. ते खरंच भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी नमस्कार केला, तर म्हणाले, "तुमी पन बगायला आल्या काय?"

"विचारायला आले, बाबा. कसं बसवलं होतं तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग उठले, कोपऱ्यातलं जुनं जाळं आणलं, जमिनीवर बसले, उजव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून ताणली आणि बांबूची सुई हातात घेऊन मान किंचित डावीकडे वळवली. चाळीस वर्षांनंतर तीच मान, तोच कोन! चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसलेली मुलं पाच मिनिटांत चुळबुळतात. हे बाबा बोलत होते, पण खांदा हलत नव्हता. तीन दिवस कुणीतरी बसवल्याशिवाय हे अंगात मुरत नाही. खोटं बोलणाऱ्याला गोष्ट रचता येते, अशी बैठक रचता येत नाही.

मी पन्नास पैशांचं ते मासेमारीचं नाणं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट बघितलं. "ह्यो मी नाय."

"चित्रकाराचं नाव आठवतं?"

"इस्माईल. पनवेलच्या मोहल्ल्यातला. बोटं नेहमी पांढरी, पीठ मळल्यावानी. मानूस लय चांगला. दुपारी माझ्या ताटात जेवायचा."

"मग तुम्ही कधी त्यांना शोधलं नाही?"

"गेलतो एकदा. घराला कुलूप. मुंबईला ऱ्हायला गेले बोलले." बाबांनी सुई खाली ठेवली. "दुसऱ्यांदा नाय गेलो. आपलं तोंड नाण्यावर टाका, असं मागायला जायचं काय?"

एवढ्यात दारात एक दुसरे म्हातारे उभे राहिले. बुटके, लाल कान-टोपी, डोळ्यांत मिश्कीलपणा. हे धर्माजी, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि 'खोटं नाणं' हे नाव ठेवणारेही हेच.

"काय मॅडम, अकोल्याच्या बाजारात चालतंय काय आमचं नाणं?" ते म्हणाले.

बाबा पुन्हा भिंतीकडे वळले. धर्माजींचं हसू अर्ध्यातच राहिलं. "मस्करी केली रं," ते हळू म्हणाले, पण तोवर उशीर झाला होता. एकच चेष्टा चाळीस वर्षं केली की तिची धार कुणाला लागते हे करणाऱ्यालाही कळत नाही.

जेवायला तांदळाची भाकरी होती, पांढरीशुभ्र, रुमालासारखी घडी घालता येणारी. आमची ज्वारीची भाकरी घडी घालायला गेलं तर ऐकत नाही. सोबत निवट्यांचं लालभडक कालवण. काट्यांची मला भीती; प्रमिलाची लेक दहावीतली, तिने शेजारी बसून एकेक मासा उलगडून दाखवला. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना बाबांना म्हटलं, "उद्या मी मोहल्ल्यात जाते." ते म्हणाले, "नका जाऊ." मग मी दाराबाहेर पडल्यावर आतून आवाज आला, "त्याच्या डाव्या भुवईवर तीळ हाय."

सोमवार : मोहल्ला

एका बेकरीत विचारलं: इस्माईल नावाचे, टांकसाळीत होते, बोटं पांढरी. बेकरीवाला म्हणाला, "पांढरी बोटं तर आमची सगळ्यांची." पण मागे भट्टीपाशी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी मान वर केली. "नक्षीवाले इस्माईलभाई? रिटायर होऊन कधीच परत आलेत. तिसरी गल्ली, हिरवं दार."

हिरवं दार उघडलं ते त्यांनीच. उंच, पाठीत वाकलेले, डाव्या भुवईवर तीळ! मी आनंदाने ओरडणारच होते. स्वतःला आवरून म्हटलं, "मी चित्रकलेची शिक्षिका आहे. स्मारक नाण्यांच्या चित्रांबद्दल बोलायचं होतं."

त्यांचा चेहरा उजळला. घरात नारळाच्या रसातलं गोडसर सांदण तयार होतं, बशीत आलं, आणि पुढचा तासभर मी पृथ्वीवर नव्हते. भिंगातून इतकी वर्षं जे बघत होते त्याची दुसरी बाजू ते सांगत होते. नाण्याचं चित्र नाण्याएवढं कधीच काढत नाहीत. आधी जेवणाच्या ताटाएवढं मातीत घडवायचं, त्याचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यातून पुन्हा उठावाचं चित्र काढायचं. मग एक यंत्र, त्याची एक सुई त्या ताटावरून फिरते आणि दुसरं टोक तेच चित्र पोलादात नाण्याएवढं कोरतं. साच्यात सगळं उलटं. "आम्ही लोक अक्षरं उलटी वाचायला शिकतो," ते म्हणाले. "माझ्या बेगमला मी साखरपुड्यानंतर उलट्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली होती. तिने आरशात वाचली. म्हणून लग्न झालं."

आणि उठाव किती ठेवायचा? कागदाच्या थोड्या घड्यांइतका. एका बाजूचा चेहरा फार उंच केला तर ठोकताना धातू तिकडेच धावतो आणि मागच्या बाजूच्या अशोकस्तंभाच्या सिंहाला पुरत नाही. चित्र नाण्याच्या कडेपेक्षा वर आलं तर नाण्यांची चळत राहत नाही आणि नाक महिन्याभरात झिजतं. "म्हणून नाण्यावरची माणसं बहुतेक एका बाजूला बघतात, मॅडम. समोरून काढलं तर पहिलं नाक जातं."

मी थांबून विचारलं, "आणि जाळं? जाळं शिवणारा माणूस काढला तर?"

त्यांची बशी हातातच राहिली.

"हिराजी आहे?" ते म्हणाले.

"आहेत. भिंतीकडे तोंड करून बसतात." आणि मी सगळं सांगितलं. शिमग्याचंही सांगितलं.

इस्माईलभाई उठले, पलंगाखालून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ओढलं, मांडीवर घेऊन उलगडलं. ताटाएवढा प्लास्टरचा जाडजूड साचा. पिवळसर पडलेला, खोलगट, सगळं आत गेलेलं. मला त्यात आधी काहीच दिसलं नाही. मग एक पाय. एक सुई.

"मासेमारीच्या त्या नाण्यासाठी मी माझा नमुना दिला होता," ते म्हणाले. "निवडला गेला नाही. निवडणाऱ्यांचं बरोबर होतं. ताटात जाळं सुंदर दिसतं, पण नाण्याएवढं केलं की भोकं बुजतात, नुसता डाग उरतो. मला कळायला हवं होतं. पण मी चित्राच्या प्रेमात होतो, आणि त्या आधीच त्याला जबान देऊन बसलो होतो. सगळ्या वाड्यासमोर. कुठल्या तोंडाने परत जाऊ? म्हटलं, विसरला असेल. उठावाचं चित्र घर बदलताना फुटलं. हा साचा टाकवला नाही."

"ते विसरले नाहीत," मी म्हटलं. "त्यांना नाणं नकोय, इस्माईलभाई. असं चित्र होतं, एवढं कुणीतरी सांगायला हवंय. तुम्ही सोडून ते कुणाला सांगता येईल?"

ते साच्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "प्लास्टरची पिशवी आणावी लागेल. ताजी. जुनी धरत नाही."

मंगळवार : पुन्हा खाडीकाठ

वंदनाने ऑफिसला दांडी मारली. "हे मी मिस करणार नाही," म्हणाली आणि गाडी काढली. मागच्या सीटवर इस्माईलभाई, मांडीवर साचा, गाडी खड्ड्यात गेली की डोळे मिटायचे. साच्याला एक केसासारखा तडा होता. "एकदाच जमेल," ते म्हणाले, "जमलं तर."

प्रमिलाला मी फोनवर कळवलं होतं, पण हिराजीबाबांना तिने काही सांगितलं नव्हतं. इस्माईलभाई ऐनवेळी येणार नाहीत अशी भीती तिला होती. ते ओसरीवर होते. इस्माईलभाई समोर उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सकाळपासून मनात घोळवलेली वाक्यं माझी फुकट गेली, कारण बाबा एवढंच म्हणाले, "म्हातारा झालास."

"हिराजी, मी तुला जबान दिली होती. नाणं झालं नाही. चित्र केलं होतं, पसंत पडलं नाही. यायला शरम वाटली."

"चाळीस वर्स?"

"रोज."

बाबा सरकले आणि बाजूला जागा केली. इस्माईलभाई बसले नाहीत. "आधी काम," ते म्हणाले.

जाळ्यांच्या शेडमध्येच करायचं असं त्यांनी ठरवलं, कारण 'तू नाण्यावर येणार' हे बोलणं तिथेच झालं होतं. हां हां म्हणता वाडा गोळा झाला. बाजाराला निघालेल्या बायका पाट्या ठेवून थांबल्या. साचा हातोहात फिरला आणि कुजबुज सुरू झाली. "ह्यात काय दिसत नाय." "पाय वाटतोय." "सुई डाव्या हातात हाय, हिराजी डावरा कुटं हाय?" धर्माजीही वाकून बघून गेले. बाबा मागे खांबाला टेकून उभे, चेहरा दगड.

इस्माईलभाईंनी साच्याला साबणाचं पाणी लावलं, प्रत्येक खळगीत, मऊ ब्रशने. कडेला पत्र्याची पट्टी गुंडाळली. घमेल्यात पाणी घेऊन त्यात प्लास्टर चाळलं आणि हाताने ढवळलं. बोटं पांढरी झाली तेव्हा बाबांचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. मग ते दाट दुधासारखं मिश्रण हळूच साच्यात गेलं. हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून इस्माईलभाई खालची फळी टकटक करत राहिले.

"आता?" प्रमिलाने विचारलं.

"आता थांबायचं."

अख्खा कोळीवाडा एका साच्याभोवती अर्धा तास गप्प बसलेला मी पाहिला आहे. मध्येच इस्माईलभाई प्रमिलाच्या लेकीला म्हणाले, "हात लाव." तिने लावला आणि किंचाळली, "गरम झालंय!" प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे मला माहीत होतं, तरी मीही हात लावलाच. मग सगळ्यांनी लावला. एक म्हातारी म्हणाली, "जिवंत हाय गो बाय." बाबांनी लावला नाही.

गार झाल्यावर पट्टी काढली. इस्माईलभाईंनी सगळं उलटं केलं, फटीत पातळ पाती सरकवली. काही हललं नाही. लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकलं. नाही. पुन्हा ठोकलं.

कट्.

माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. तो तडा साच्यातून आरपार गेला होता. इस्माईलभाईंच्या कपाळावर घाम होता. त्यांनी दोन्ही अंगठे फटीत घातले आणि जुना साचा दोन तुकडे होऊन बाजूला पडला.

आत पांढरंशुभ्र, ओलसर ताट होतं. त्यावर एक तरुण माणूस बसला होता. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणलेलं, मान डावीकडे, सुई आता उजव्या हातात. जाळ्याचं एकेक भोक मोजता येत होतं. आणि चेहरा! कुणी काही बोलायच्या आधी सगळ्यांनी एकाच वेळी मान वळवली, ती बाबांकडे नाही, तर प्रमिलाच्या नवऱ्याकडे. तो उरणच्या बंदरात कामाला. सुट्टी काढून दारात उभा होता. तोच जबडा, तेच नाक. प्रमिलाने तोंडावर पदर घेतला.

बाबा पुढे आले. वाकून ताट निरखलं. तरुणपणीचा त्यांचा एकही फोटो घरात नव्हता, हे मला नंतर कळलं.

"येवरा तरना व्हतो मी?" ते म्हणाले.

"माझ्याकडं बग, मी पन व्हतो," मागून धर्माजी म्हणाले. ते गर्दीतून वाट काढत आले, ताटाजवळ उकिडवे बसले. जुनी माणसं रुपया पारखायला वाजवून बघायची. तसं त्यांनी नखाने कडेवर टिचकी मारली. ठप्प आवाज आला. धर्माजींनी वर बघितलं, त्यांचे डोळे भरले होते.

"वाजत नाय," ते म्हणाले, "पन खरा हाय."

मग जो गलका झाला त्यात मी आणि वंदना एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो एवढं आठवतं. चहा आला, सुकट भाजल्याचा वास आला, कुणीतरी बाबांना त्यांच्या जुन्या जागेवर नेऊन बसवलं. इस्माईलभाई पांढऱ्या हातांनीच शेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनी शबनममधून वही-पेन्सिल काढली.

"हिराजी, नाण्याला दोन बाजू लागतात. मी एकच केली होती. दुसऱ्या बाजूला काय घालू?"

सगळे ऐकायला लागले. कुणी होडी सुचवली, कुणी देवीचं देऊळ. बाबांनी विचारही केला नाही.

"धर्माजीला घाल."

"मला?" धर्माजी दचकले.

"हां. मंजी मी वर आलो का तू खाली तोंड करून पडशील. चाळीस वर्स तरी."

शेड दणाणून हसली. इस्माईलभाईंच्या हातातली वही हसण्याने हलत होती. धर्माजी मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे समोर येऊन बसले, लाल टोपी नीट केली, हनुवटी वर उचलली आणि इस्माईलभाईंना विचारलं, "कुटल्या अंगानं बसू?"